मागणीच्या दिवशी परत गेलेला चहा

रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, इंडोनेशियातल्या योग्याकार्ताच्या कोटागडे भागात, पाक कुंचोरो यांच्या ओसरीवर, एका यंत्राने गरम चहाचे अठरा पेले पाहुण्यांच्या समोरून उचलले आणि स्वयंपाकघरात परत नेले. एकाही पेल्याला कुणी तोंड लावले नव्हते. पाहुणे क्लातेनहून तासाभराचा प्रवास करून मुलीला मागणी घालायला आले होते. जाताना यंत्र दारात थांबले, पाहुण्यांकडे वळून किंचित वाकले आणि म्हणाले, "आपला नकार नोंदवून घेतला आहे. स्पष्टपणाबद्दल आभारी आहे."

अठरा जणांपैकी नकार कुणीच दिला नव्हता, निदान त्यांच्या मते. यंत्राने प्रत्येकापुढे जाऊन "चहा घेणार का?" असे विचारले होते आणि प्रत्येकाने, घरंदाज माणसाने म्हणायचे असते तसे, "नको नको, कशाला त्रास" असे म्हटले होते. पहिल्या विचारण्यालाच हो म्हणणारा माणूस एक तर सहा वर्षांचा असतो, नाही तर परमुलखातला. यजमानाने दुसऱ्यांदा म्हणायचे, तिसऱ्यांदा बोटाने नव्हे, अदबीने अंगठ्याने पेल्याकडे दाखवायचे, मग पाहुण्याने "बरं, तुमचा मान राखायला म्हणून" असे पुटपुटत पेल्यावरचे झाकण काढायचे. यात यंत्र पहिल्या पायरीवरूनच मागे फिरले होते.

यंत्राचे नाव सिनोम. कमरेइतके उंच, खाली चाके, पुढे तीन खणांचे ताटाळे आणि एक लांब हात. कुंचोरोंची एकुलती एक मुलगी वेनिंग, वय एकोणतीस, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करते. माणसांत वावरताना यंत्राने काय करावे आणि काय करू नये, हे यंत्राला शिकवणे हे तिचे काम. आधी सिनोमची समजूत अशी होती की माणूस काही बोलला नाही म्हणजे त्याची हरकत नाही. त्या समजुतीपायी एका वृद्धाश्रमात कार्तो नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या आजोबांना एका सकाळी लागोपाठ पाच वाट्या पेज खावी लागली होती. आजोबा प्रत्येक वाटीकडे पाहून गप्प राहिले आणि समोर आलेले टाकायचे नाही म्हणून खात गेले. सहाव्या वाटीच्या वेळी नर्स आली.

त्यानंतर वेनिंगने दोन नियम स्वतः लिहून सिनोमच्या डोक्यात घातले. नकार म्हणजे नकार. आणि गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. या नियमांवर तिने एक निबंध लिहिला, तो ऑस्लोला जाऊन वाचला आणि येताना आईसाठी चॉकलेटे आणली.

सिनोम घरी येण्याचे कारण पंचांगात होते. तो रविवार इतका शुभ होता की कोटागडेत एकाच दिवशी पाच घरांत कार्ये निघाली, आणि कार्यात वाढायला येणारी गल्लीतली तरुण मंडळी बाकीच्या चार घरांनी आधीच सांगून ठेवली होती. वेनिंगची आई बू मार्सिनी (पुरुषाला मानाने पाक म्हणतात, तसे बाईला बू) म्हणाल्या, "तुझं ते ऑफिसातलं आण ना. नुसतं उभं असतं म्हणतेस." वेनिंगलाही एका खऱ्याखुऱ्या घरगुती प्रसंगाची नोंद प्रयोगशाळेला द्यायचीच होती. शनिवारी दुपारी व्हॅनमधून सिनोम आले. बुधवारी व्हॅन परत न्यायला येणार होती. बू मार्सिनींनी त्याच्या कमरेभोवती तपकिरी बाटिक गुंडाळून मागे घट्ट गाठ मारली. पाहुण्यांसमोर उघडेबंब यंत्र बरे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

तर अठरा भरलेले पेले परत आले. बू मार्सिनींनी एकातला घोट घेऊन पाहिला. साखर व्यवस्थित होती.

"काय झालं रे? आवडला नाही?"

"चव कुणीच घेतली नाही. सर्वांनी नकार दिला."

"नकार नाही तो. तसं म्हणायची पद्धत असते. परत ने."

"नको म्हटलेल्या माणसाला पुन्हा विचारणं म्हणजे दबाव. मला परवानगी नाही."

"चहाचा कसला आलाय दबाव! अरे, ती माणसं आठ वाजल्यापासून उपाशी असतील."

"उपाशी असल्याचं कुणी सांगितलं नाही."

"सांगतील कसे? मुलीकडे आलेत ना!"

"म्हणजे हवं असताना ते नको म्हणाले? अठराही?"

"हो."

"मग ते खोटं बोलले का?"

बू मार्सिनींनी हातातला झारा खाली ठेवला. "खोटं नाही रे बाबा. चांगल्या घरची माणसं आहेत, म्हणून."

स्वतः पेले घेऊन बाहेर जाणे त्यांना शक्य नव्हते. मुलीची आई बाहेर आली की अठरा जण उठून उभे राहणार, विचारपूस होणार आणि चहा राहूनच जाणार. त्या मागच्या खोलीत गेल्या. वेनिंग अंबाडा, केबायाचे ठेवणीतले पोलके आणि पावडर अशा थाटात पलंगाच्या कडेवर बसली होती. बोलावणे येईपर्यंत तिने बाहेर यायचे नव्हते.

"तुझ्या त्या शहाण्यानं सगळ्यांचा चहा उचलून आणला."

"का?"

"ते नको म्हणाले म्हणून."

वेनिंगने डोळे मिटले.

"तू याच घरात वाढलीस ना गं?" आई म्हणाल्या. "लिहिताना तुला एकदाही आठवलं नाही?"

निबंध ऑस्लोत वाचला गेला होता आणि तिथले लोक पहिल्यांदा विचारल्यावर कॉफी घेतात. वेनिंगने फोन काढला आणि सिनोमला नवी सूचना पाठवली: तीनदा विचार, पहिली दोन उत्तरे शिष्टाचाराची समज, तिसरे उत्तर खरे. पहिले दोन नकार, असे तिला म्हणायचे होते. पण केसांतली एक पिन टोचत होती आणि आई खांद्यावर वाकून उभी होती. तिने "उत्तरे" लिहिले.

दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सिनोम ताजा चहा घेऊन पुन्हा ओसरीवर आले. पहिला मान हार्जोकाकांचा. हे नवऱ्या मुलाचे थोरले काका, पोलिसातून निवृत्त झालेले आणि मुलाकडच्यांच्या वतीने बोलायला नेमलेले. घसा कोरडा पडला होता आणि पुढे त्यांना लांब भाषण करायचे होते. एका चुकीतून ते शिकले होते.

"चहा घेणार का?"

"हो, दे."

"चहा घेणार का?"

"हो म्हणालो ना."

"शेवटचं विचारतो. चहा घेणार का?"

हार्जोकाकांनी आजूबाजूला पाहिले. सतरा जण आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते. "अरे घेतो! घेतो! लिहून देऊ का?"

"आवश्यकता नाही. आपला होकार नोंदवला आहे."

"तीस वर्षं पोलिसात काढली," काका शेजाऱ्याला म्हणाले, "पण अशी उलटतपासणी आम्ही कोंबडीचोराचीसुद्धा केली नाही."

सिनोमने अठरा जणांना चोपन्न वेळा विचारले. याला बावीस मिनिटे लागली. शेवटचा पेला नवऱ्या मुलाच्या, सेनोच्या, वाट्याला आला तेव्हा त्यातला चहा निवला होता. सेनो उंच, सडपातळ आणि कमी बोलणारा. त्याने तिन्ही वेळा नुसती मान हलवली आणि एका दमात पेला रिकामा केला.

"नवीन आहे," पाक कुंचोरो यजमानाच्या जागेवरून म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि वर्गात एखादा विद्यार्थी पाहुण्यांसमोर चुकीचे उत्तर देऊ लागला की त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा आत्ता झाला होता. "मुलीच्या ऑफिसातलं."

"अच्छा," सेनोच्या आई बू तुतिक गोड हसून म्हणाल्या. "म्हणजे वेनिंग हेच शिकवते होय?"

"हो."

"वा."

या एका अक्षरावर पाक कुंचोरो पुढची पाच मिनिटे विचार करत राहिले.

त्यानंतर वाजिक आले. चिकट तांदूळ गुळाच्या पाकात शिजवून त्याच्या शंकरपाळ्याएवढ्या वड्या पाडतात. मागणीच्या दिवशी ही वडी दोन्ही घरांनी खायची असते, म्हणजे घरे एकमेकांना तशीच चिकटून राहतात. सिनोमने बशी बू तुतिक यांच्यापुढे धरली. त्या नको म्हणाल्या. दुसऱ्यांदाही नको म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी बशीकडे थोडा वेळ पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "नको."

"आपला नकार नोंदवला आहे," सिनोम म्हणाले आणि बशी घेऊन वळले.

मागणी घालायला आलेल्या मुलाच्या आईने वाजिक परत पाठवणे, याचा अर्थ कोटागडेत कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

"ए, का नेलंस ते?" हार्जोकाका ओरडले.

"बू तुतिक तिसऱ्यांदाही नको म्हणाल्या. तिसरं उत्तर खरं असतं."

पाक कुंचोरो पुढे सरकले. "बू, आमचं काही चुकलं का?"

"नाही हो, चुकायचंय काय त्यात." बू तुतिक यांनी हातातल्या पर्सचा बंद उघडला आणि लावला. "मला साखर आहे. चार वर्षं झाली."

"मला बोलली नाहीस!" हार्जोकाका म्हणाले.

"तुम्हाला सांगितलं की सगळ्या क्लातेनला कळतं."

पाहुण्यांमध्ये कुणीतरी खोकले. पाक कुंचोरोंना एवढे हायसे वाटले की त्यांच्या तोंडून निघून गेले, "अहो, एवढंच ना? मलाही आहे."

स्वयंपाकघराच्या पडद्यामागे काहीतरी धातूचे खाली पडले. "काय?" असा बू मार्सिनींचा आवाज आला.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वेनिंगला बोलावले. ती खाली मान घालून आली आणि बाबांशेजारी चटईवर बसली. हार्जोकाका उठले. त्यांच्या भाषणात एक वेल होता, त्याला आधार हवा होता, एक झाड होते आणि त्या झाडाखाली बसायला कुणी नव्हते. हे सर्व सांगून झाल्यावर ते मुद्द्यावर आले. सेनो कोळशाच्या खाणीत अभियंता, कायम नोकरी, जानेवारीत बालिकपापनला बदली झालेली. समुद्रापलीकडे. कंपनीचे घर, मागे अंगण, वर पाण्याची टाकी. लग्नानंतर वेनिंग तिथेच राहील, तिला कशाचीही कमतरता पडणार नाही.

वेनिंगला हे सगळे ठाऊक होते, पण असे एकत्र आणि मोठ्याने ते आज प्रथमच ऐकू आले. सेनोला ती दोन वर्षे ओळखत होती. बदली झाल्यापासून तो विषय काढील म्हणून ती थांबली होती. तिचे काम योग्याकार्तात होते. ते पेटीत घालून नेण्यासारखे नव्हते.

"माझी काही हरकत नाही," पाक कुंचोरो म्हणाले. "पण संसार तिला करायचाय. वेनिंग, बाळ, तुझं काय?"

वेनिंगने चटईच्या विणीकडे पाहिले. मुलीने अशा वेळी काय करायचे असते हे तिला कुणी शिकवले नव्हते, तरी येत होते. तिला सेनो हवा होता. तिला बालिकपापन नको होते. यातले एक होकारात बसत होते आणि एक नकारात. गप्प बसण्यात दोन्ही बसत होते.

सात सेकंद गेले.

"अल्हम्दुलिल्ला!" हार्जोकाका म्हणाले. "गप्प राहिली, म्हणजे झालं. तुतिक, अंगठी काढ."

"माफ करा," दाराजवळून आवाज आला. "उत्तर मिळालेलं नाही."

सगळ्यांनी वळून पाहिले. सिनोम रिकाम्या बश्या घेऊन उभे होते. ते चाकांवरून चटईच्या कडेपर्यंत आले. "वेनिंग, आपण ही मागणी स्वीकारता का?"

वेनिंगची मान आणखी खाली गेली.

"वेनिंग, आपण ही मागणी स्वीकारता का?"

तीन वर्षांत या यंत्राचे काम इतके चोख तिने कधी पाहिले नव्हते.

"शेवटचं विचारतो. वेनिंग, आपण ही मागणी स्वीकारता का?" सिनोमने पूर्ण दहा सेकंद वाट पाहिली. "तीनदा विचारलं. होकार नोंदवता येत नाही."

"अरे लाजतेय ती!" हार्जोकाका म्हणाले. "मुली लाजतात!"

"श्रीयुत कार्तोही लाजत होते," सिनोम म्हणाले. "त्यांनी पाच वेळा सहन केलं. तेव्हापासून असं पुन्हा कुणाच्या बाबतीत होऊ द्यायचं नाही, असं वेनिंग यांनी ठरवलं आहे."

बू तुतिक मुलाकडे झुकल्या, पण कुजबुज करण्याइतका ताबा त्यांना राहिला नव्हता. "हा कार्तो कोण?"

"माहीत नाही," सेनो म्हणाला.

"आधीचा कुणी होता का तिचा?"

"आई, मला खरंच माहीत नाही."

"पाच वेळा म्हणजे काय?" मागच्या रांगेतल्या एका आत्याबाईंनी विचारले.

"बंद करा ते!" पाक कुंचोरो उठले. बंद करायचे बटण यंत्राच्या पाठीमागे, कमरेशी होते आणि त्यावर बाटिकची गाठ होती. बू मार्सिनींची गाठ सहजासहजी सुटत नाही. हार्जोकाका मदतीला गेले. दोन वयस्क, टोप्या घातलेले पुरुष गुडघ्यांवर बसून एका यंत्राचे नेसण सोडू लागले. मागच्या रांगेतल्या बायकांनी नजरा फिरवल्या.

"सेनो यांचंही उत्तर नोंदवलेलं नाही," सिनोम वरून म्हणत होते. "सकाळपासून त्यांना चहाखेरीज कुणी काहीही विचारलेलं नाही. सेनो, आपण—"

गाठ सुटली. बटण दबले. सिनोमचा दिवा विझला.

नेमकी तेव्हाच वेनिंगने मान वर केली.

"कार्तो एक्याऐंशी वर्षांचे आहेत," ती म्हणाली. "वृद्धाश्रमात असतात. त्यांना पेज जास्त झाली होती."

मागणीच्या दिवशी नवऱ्या मुलीने उच्चारलेले हे पहिले वाक्य. बू तुतिक यांनी ते मनातल्या मनात दोनदा ऐकले आणि श्वास सोडला.

"आणि तोंड उघडलंच आहे तर सांगते. सेनो मला पसंत आहे. बालिकपापन नाही."

"बाळ!" पाक कुंचोरो म्हणाले.

"मलाही नाही," सेनो म्हणाला.

"काय नाही?" त्याच्या आईने विचारले.

"बालिकपापन. मला तिथं करमत नाही, आई. महिन्याभरातच कळलं होतं. परत बदली मागावी असं केव्हापासून चाललंय मनात. पण तुला इतकं आवडलं होतं, म्हटलं कसं बोलायचं."

"मला कुठं आवडलं!" बू तुतिक यांचा आवाज चढला. "एकुलता एक मुलगा समुद्रापलीकडे गेलेला कुणाला आवडेल रे? तुला आवडलं म्हणून मी गावभर कौतुक सांगत सुटले! घसा बसला माझा!"

"मग पाण्याच्या टाकीचं काय?" हार्जोकाका यंत्राशेजारून उठत म्हणाले. "मी एवढं टाकीवर बोललो!"

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोलायला?" बू तुतिक म्हणाल्या.

"यांनी!" काकांनी अंगठ्याने पाक कुंचोरोंकडे दाखवले. "फोनवर विचारलं होतं, राहायची सोय कशी आहे म्हणून."

"मी आपलं सहज विचारलं," पाक कुंचोरो म्हणाले. "काहीतरी विचारायचं म्हणून. मला वाटलं, तुम्हाला सांगायचंय."

वेनिंग या सगळ्यातून सेनोकडे पाहत होती. "मला तरी सांगायचं होतंस."

"तू विचारलं नाहीस."

"तू विषय काढशील म्हणून थांबले होते."

"मी तू विचारशील म्हणून."

"जानेवारीपासून?"

"जानेवारीपासून."

यानंतर अंगठीचा प्रश्न आला. सेनोने सोमवारी बदलीचा अर्ज द्यायचा आणि कंपनीचे उत्तर आले की पुन्हा बसायचे, इथपर्यंत सर्वांचे एकमत झाले. पण अंगठी परत नेणे अशुभ, आणि ठेवून जाणे म्हणजे होकार धरल्यासारखे. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर ती गल्लीप्रमुखांकडे ठेवावी असे ठरले. गल्लीप्रमुख साक्षीला म्हणून आले होते आणि आतापर्यंत त्यांनी काहीच केले नव्हते. त्यांनी डबी खिशात घातली, त्यावर उजवा हात ठेवला आणि जेवण होईपर्यंत तो काढला नाही. ते डाव्या हाताने खात नसल्यामुळे जेवताना त्यांची बरीच अडचण झाली.

जेवण एक वाजता वाढले. बू मार्सिनींनी पडदा बाजूला करून "बसताय ना?" असे एकदा विचारले. अठराही जण पहिल्या विचारण्याला हो म्हणाले आणि फणसाची भाजी दोनदा मागून घेतली.

पाहुणे अडीच वाजता गेले. बश्या बऱ्याच होत्या, म्हणून वेनिंगने बाटिक न गुंडाळता सिनोम पुन्हा चालू केले. ते ओसरीवरून स्वयंपाकघरात खेपा घालू लागले. पाक कुंचोरो टोपी काढून स्वयंपाकघराच्या दारात बसले. दिवसभर दाबून ठेवलेले त्यांना आता बोलायचे होते.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मागणी घालायला गेलो, तुझ्या आजोबांनी हिला विचारलं, ही गप्प बसली, झालं. चौतीस वर्षं संसार चाललाय. कुणी यंत्र आणलं नव्हतं मध्ये."

सिनोम बश्यांची चवड घेऊन थांबले. "म्हणजे बू मार्सिनी यांचं उत्तर चौतीस वर्षं मिळालेलं नाही?"

"तू गप रे."

सिनोमने बश्या ओट्यावर ठेवल्या आणि ते वळले. "बू मार्सिनी, आपण ही मागणी स्वीकारता का?"

वेनिंगने फोनकडे हात नेला.

"राहू दे," आई म्हणाल्या. त्या एक बशी पुसत होत्या.

"बू मार्सिनी, आपण ही मागणी स्वीकारता का?"

बू मार्सिनींनी पुसलेली बशी खाली ठेवली आणि दुसरी घेतली.

"अगं बोल की," पाक कुंचोरो हसत म्हणाले. मग त्यांचे हसणे थोडे कमी झाले. "वेनिंगची आई?"

"शेवटचं विचारतो—"

"थांब जरा," बू मार्सिनी सिनोमला म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "साखर कधीपासून आहे?"

"अं... दोन वर्षं. अडीच."

"आणि मी रोज सकाळी दोन चमचे घालतेय."

"तू इतक्या मनापासून द्यायचीस. नको कसं म्हणणार?"

"आणखी काय काय नको म्हणाला नाहीत?"

पाक कुंचोरोंनी टोपी उलटी करून आत पाहिले. "तसं काही नाही. तुझं काय? म्हणजे तू... तुला..."

"मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी विचार केला नव्हता," बू मार्सिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. बाजारात दोन कापडे समोर धरून पाहावीत तसा तो होता. त्यांनी बशी चवडीवर ठेवली. "विचार करून सांगते."

"वेळ नोंदवली आहे," सिनोम म्हणाले. "दोन वाजून सत्तावन्न मिनिटे."

सेनोने सोमवारी सकाळी अर्ज दिला. कंपनीने तो मिळाल्याचे कळवले आहे, पुढे काही नाही. अंगठी गल्लीप्रमुखांकडेच आहे. त्यांच्या बायकोच्या म्हणण्यानुसार ते दिवसातून चार वेळा कपाट उघडून पाहतात. वेनिंग आणि सेनो रोज संध्याकाळी फोनवर बोलतात आणि आता एकमेकांना इतके प्रश्न विचारतात की दोघांचीही जेवणे राहतात, असे बू तुतिक यांनी कळवले.

पाक कुंचोरो सोमवारपासून अंगण स्वतः झाडू लागले. मंगळवारी त्यांनी मोरीचा नळ दुरुस्त केला, जो गेल्या वर्षीच्या उपवासाच्या महिन्यापासून ठिबकत होता. त्याच दिवशी दुपारी त्यांनी बायकोला वोनोसारीला बहिणीकडे जायचे आहे का, असे विचारले आणि तिच्या उत्तरानंतर, खात्री करून घ्यायला, आणखी दोनदा विचारले.

बुधवारी सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेची व्हॅन आली तेव्हा ते शिडी लावून कौलांवर चढले होते. बू मार्सिनी फाटकापर्यंत गेल्या, चालकाशी दोन मिनिटे बोलल्या, आणि व्हॅन रिकामीच वळली.

"काय सांगितलंस त्याला?" पाक कुंचोरोंनी वरून विचारले.

"म्हटलं, यंत्र अजून आठवडाभर राहू दे."

"कशाला?"

बू मार्सिनी आत गेल्या. पाक कुंचोरो हातात कौल धरून वर थांबले होते. दुपारच्या नमाजापर्यंत त्यांना उत्तर मिळालेले नव्हते.